वाटसराचे चिपटे

आमच्या घरी दुपारच्या भाताचे तांदूळ मोजताना आई शेवटी एक चिपटे जास्तीचे घालत असे. चिपटे म्हणजे पाव शेर. त्याला आमच्याकडे 'वाटसराचे' म्हणत. पावस गावाकडची माणसे तरीने खाडी उतरून बंदराकडे निघाली की आमच्या घरावरून जात. उन्हाने तापलेली जांभ्याची घाटी चढून आली की आमच्या पडवीत टेकत, पाणी मागत. बोट सुटायला वेळ असेल तर आई त्यांना जेवायला बसवी. आमच्या आजीने आणि तिच्या सासूनेही असेच केले होते. आमच्या दारातून कोणी उपाशी गेला नाही, असे वाडीत सगळे म्हणत आणि आई ते ऐकून घेत असे.

आता यात वाईट काय आहे, असे कोणीही विचारील. मीही कधी काही म्हटले नव्हते.

वाटसरू रोज येत नसत. ज्या दिवशी कोणी येत नसे त्या दिवशी ते चिपटे शिजून टोपात राहत असे. वाटसराचा वाटा शिळा करायचा नाही, म्हणून तो रात्रीसाठी ठेवायचा नाही. तो माणसाच्या नावाने काढलेला, म्हणून म्हशीला घालायचा नाही. टाकायचा तर नाहीच नाही. मग तो जाणार कुठे? आधी गडी जेवत, मग मुले, मग मी घरी असलो तर मी, मग आई. सगळ्यांत शेवटी, तीन वाजायच्या सुमारास, माझी थोरली वहिनी चुलीपुढे बसे. तिच्या पानात तिचा भात पडे आणि त्यावर वाटसराचा. टोप पुसून कोरडा झाला की घरातली दुपार संपली.

वहिनी आमच्या घरात आली तेव्हा काडीसारखी होती, असे आई सांगते. लग्नाच्या वेळी मी लहान होतो, मला आठवत नाही. मला आठवते ती अंगाने जड, बुटकी, हसरी बाई. पहाटे पाचाला उठणारी आणि दुपारी तीनपर्यंत कोऱ्या चहावर काम करणारी. ती इतके खाते म्हणून जाड झाली, असे वाडीतल्या बायका हसत हसत म्हणत, आणि ती स्वतःही त्यांच्याबरोबर हसे.

मी हे लिहायला घेतले आहे, पण मला ते नीट जमेल की नाही हे ठाऊक नाही. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच. घाटावर, कोल्हापूरच्या कॉलेजात शिकतो. निबंध लिहायची सवय आहे, घरातले लिहायची नाही. शिवाय ज्यांच्यावर मला राग आहे त्यांत माझी आई आहे, आणि मी स्वतः आहे. पण दोन वर्षे झाली तरी तो राग जात नाही. म्हणून लिहितो.

युरोपात युद्ध सुरू व्हायच्या आधीचे ते वर्ष. त्या माघात वहिनीच्या बेंबीपाशी असलेला फुगवटा एका दुपारी अडकला. तिसऱ्या बाळंतपणानंतर तो आला होता. निजले की आत जाई, उभे राहिले की बाहेर येई. कोणी त्याला काही मानले नव्हते. त्या दिवशी तो आत जाईना. वहिनी न्हाणीच्या पायरीवर बसून ओरडत होती. तिला ओरडताना त्याआधी कोणीच ऐकले नव्हते. गावातल्या सुईणीने तिला आडवे निजवून, पाय उंच करून, तेल लावून कसाबसा तो आत लोटला. पुढच्या महिन्यात माझा थोरला भाऊ, जो मुंबईला गोदीत काम करतो, तिला बोटीने घेऊन गेला आणि तिथल्या सर्जनला दाखवले.

सर्जनने सांगितले की हा अंतर्गळ आहे, पुन्हा अडकला आणि आत गेला नाही तर एका दिवसात जीव जाईल. कापून शिवावे लागेल. पण पोटावर एवढी चरबी असताना कापणार नाही. गुंगीच्या औषधात धोका, आणि शिवलेले टिकणार नाही. वीस रत्तल वजन उतरवून पावसाळ्यानंतर या. रत्तल म्हणजे पौंड, आमच्याकडे रत्तलच म्हणतात.

म्हणजे गोष्ट अगदी सरळ होती. बोटी पावसाळ्यात बंद होतात. त्या पुन्हा सुरू होईपर्यंत वहिनीने वीस रत्तल उतरवायचे, आणि तोपर्यंत तो फुगवटा अडकू नये म्हणून देवाची प्रार्थना करायची.

वैशाखात मी सुटीवर घरी होतो. वहिनीला रत्नागिरीतल्या डॉक्टरांकडे न्यायचे काम माझ्याकडे आले, कारण त्यांच्याशी बोलायला शिकलेला माणूस पाहिजे. डॉक्टर मुंबईत शिकून आलेले, हुशार, पायात बूट. त्यांनी सर्जनची चिठ्ठी वाचली आणि माझ्याशी बोलू लागले. वहिनी समोरच्या बाकावर बसली होती. तिच्याकडे त्यांनी एकदा पाहिले, नाडी पाहिली, छातीला नळी लावली, आणि परत माझ्याकडे वळले.

"नवी गोळी आली आहे," ते म्हणाले. "बाहेरून येते. मुंबईहून मागवून देतो. पण नीट समजून घ्या, तुम्ही कॉलेजात आहात. लोकांना वाटते गोळी चरबी वितळवते. तसे काही नाही. भूक लागते ती पोटात नव्हे, डोक्यात. ही गोळी त्या भुकेला गप्प बसवते. माणूस कमी खातो, आणि मग शरीर अंगावर साठवलेले वापरू लागते. वजन उतरते ते कमी खाण्याने. गोळी ते कमी खाणे सोसायला मदत करते, इतकेच."

मी मान हलवली. मला ते फार आवडले. इतक्या साध्या शब्दांत मला कोणी प्राध्यापकानेही काही समजावले नव्हते.

"सकाळी एक, दुपारच्या जेवणाआधी अर्धा तास एक. त्यानंतर नाही, नाहीतर झोप उडेल. तोंड कोरडे पडेल, ते चालेल. छाती धडधडू लागली तर बंद करा आणि माझ्याकडे आणा. दर पंधरवड्याला नाडी दाखवायची. आणि ही जन्मभर घ्यायची गोळी नव्हे. ऑपरेशन झाले की संपले."

त्यांनी सगळे इंग्रजीत लिहून दिले. ज्या घरात एकच माणूस इंग्रजी वाचतो आणि तोही जूनमध्ये घाटावर निघून जाणार, त्या घरासाठी. वहिनी दिवसाला किती खाते, केव्हा खाते, कोणानंतर खाते, हे त्यांनी विचारले नाही. मला तेव्हा त्यात काही वावगे वाटले नाही. आज वाटते. तीन पावलांवर बसलेल्या बाईला तिच्या पोटाबद्दल एक प्रश्न विचारायला किती वेळ लागतो?

त्यांच्याकडचा वजनाचा काटा मोडला होता. "बंदरावर वखारीत करून आणा," ते म्हणाले. म्हणून आम्ही तिथे गेलो. नारळ आणि सुपारीच्या गोणी तोलायचा मोठा काटा, त्याला दोरांनी टांगलेली फळी, आणि भोवती बोटीची वाट पाहणारे हमाल. वहिनीने पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि फळीवर बसली. काटा करकरला.

"काय लिहू रे?" वजने मांडणारा ओरडला. "नारळ लिहू की गूळ?"

सगळे हसले. मी कुठेतरी समुद्राकडे पाहत राहिलो. वहिनीने पदराआडून सांगितले, "गूळ लिही. पण मुंगळं लागलं तर मला सांगू नको हां, मी आधीच सांगून ठेवतंय."

ते आणखी हसले, पण आता तिच्याबरोबर. काटा स्थिर झाला. एकशे ब्याऐंशी रत्तल. घरी येताना घाटीत ती तीनदा बसली, आणि तिसऱ्यांदा बसली तेव्हा म्हणाली, "भावोजी, वीस उतरतील?"

"उतरतील, वयनी," मी म्हटले. "औषध चांगले आहे."

"बरा," ती म्हणाली. "माझी धाकटी अजून अंगावर पिते. मी मेलं तर तिला कोण बघणार? तुमची आई?"

हे तिने हसत म्हटले, म्हणून मी हसलो.

गोळ्यांची बाटली आठ दिवसांनी आली. त्या संध्याकाळी ओटीवर आई, वहिनी आणि मी बसलो आणि मी डॉक्टरांचा कागद वाचून मराठीत सांगू लागलो. सकाळी एक, दुपारी जेवणाआधी एक, झोप, तोंड, छाती. मग शेवटी चार ओळी होत्या. त्या मला आजही पाठ आहेत. गोळी फक्त भूक काढून घेते. घरच्यांनी रोगी बाईला भुकेपलीकडे काहीही खाऊ घालू नये, उरलेसुरले तर मुळीच नाही. तिचे पान आधी वेगळे काढावे, आणि ते अर्धे असावे.

डॉक्टरांनी विचारले नव्हते, पण कोकणातल्या घरांत काय चालते ते त्यांना माहीत होते. मग तोंडाने का सांगितले नाही? असो.

मी त्या ओळी मनात वाचल्या. समोर आई तांदूळ पाखडत होती. सुपात उद्याचे तांदूळ होते, वाटसराच्या चिपट्यासकट. मी विचार केला, आता हे मी आईला सांगायचे म्हणजे तिच्या सासूच्या सासूपासून चाललेली रीत मोडायला सांगायचे. आणि तीही सुनेदेखत. ज्या आईने माझ्या फीसाठी हातातल्या पाटल्या काढून दिल्या तिला मी दोन वर्षांच्या कॉलेजाच्या जोरावर माप शिकवायचे. 

"आणि खाली काय लिवलान?" आईने विचारले.

"काही विशेष नाही," मी म्हटले.

हे मी केले. कोणी मला सांगितले नव्हते. मी पुढच्या आठवड्यात, पाऊस लागायच्या आत, मोटारीने आंबा घाट चढून कोल्हापूरला गेलो आणि तिथे कवितांवर टिपणे काढू लागलो.

पावसाळ्यात घरून दोन पत्रे आली. शाळेतल्या मास्तरांकडून लिहवलेली. वहिनी बरी आहे, गोळी नेमाने घेते, फुगवटा अडकला नाही, झोप कमी आहे, तोंडाला कोरड पडते. वजनाबद्दल किंवा नाडी दाखवल्याबद्दल काही नव्हते. मी समजलो, उतरत असेल.

गणपतीला घरी आलो. वहिनी दारात आली आणि मी तिच्याकडे पाहतच राहिलो. डोळ्यांखाली काळे, ओठ फुटलेले, हात जरा थरथरत होते, बोलणे भराभर. पण अंग होते तसेच.

"वजन केलंस?"

"केलं की. मुलांच्या मास्तरांबरोबर गेले होते वखारीत. एकशे एकोणऐंशी." ती हसली. "तीन उतरले, भावोजी. तुमच्या गोळीने तीन रत्तल गूळ खाल्लान."

साडेतीन महिन्यांत तीन. मी घाबरलो. बंदर उघडायला महिनाही उरला नव्हता. मला वाटले गोळीच खोटी असावी, किंवा मुंबईच्या दुकानदाराने खडू पाठवला असावा. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांकडे जायचे ठरवले, पण त्याच दुपारी काहीतरी आणायला मी स्वयंपाकघरात गेलो आणि दारातच थांबलो.

वहिनी चुलीपुढे बसली होती. पानात भाताचा ढीग. ती एक घास घेई, चावे, थांबे, पाण्याचा घोट घेई, मग गिळे. मग डोळे मिटून बसे. मग पुढचा घास. कोणी औषध घेताना करते तसे तिचे तोंड होत होते. एकदा तिने तोंडावर हात ठेवला. मला वाटले ओकणार. पण तिने तो घास परत गिळला.

"वयनी," मी म्हटले, "भूक आहे?"

ती दचकली. "भूक? ज्येष्ठापासून भूक काय ती मला म्हाईत नाय. गोळी घेतली की पोट गप्प. आधी मी तीन वाजता अशी वखवखलेली असायचे, की टोप काय, चूलसुद्धा खाल्ली असती. आता अन्नाकडं बघवत नाय."

"मग का खातेस?"

तिने माझ्याकडे असे पाहिले की मी लहान मूल असावे. "वाटसराचा हाय," ती म्हणाली.

"पण पावसाळ्यात बोट बंद आहे! वाटसरू येणार कुठून?"

"ते आईंना विचारा."

आणखी एक गोष्ट मला त्याच संध्याकाळी कळली. झोप नाही, तोंड कोरडे, हात थरथरतात, यावरून आईने ठरवले होते की औषध उष्ण पडले. म्हणून रात्री निजताना ती वहिनीला पेलाभर दूध तूप घालून देत होती, आणि सकाळी नारळाच्या दुधात गूळ. सगळे मायेने. स्वतः म्हशीचे दूध न पिता ते सुनेसाठी राखून ठेवत होती. हे मला सांगितले पाहिजे, नाहीतर माझी आई दुष्ट होती असे कोणाला वाटेल. ती दुष्ट नव्हती. औषधाने भूक मारली होती, वहिनीने तोंडाची कोरड सोसली होती, रात्री जागून काढल्या होत्या, आणि आम्ही सगळे मिळून त्या भुकेच्या जागी भात, तूप आणि गूळ लोटत होतो. गोळी आपले काम चोख करत होती. बिघडलो होतो आम्ही.

त्या रागाच्या भरात मी डॉक्टरांचा कागद पेटीतून काढला आणि आईसमोर उभा राहिलो. ती गणपतीच्या उकडीसाठी नारळ खवत होती. वहिनी वात वळत होती.

"आई, या कागदात आणखी चार ओळी आहेत."

"कुठल्या?"

मी वाचल्या. एक एक शब्द मराठीत सांगितला.  उरलेसुरले मुळीच नाही, यावर आईचा हात थांबला.

"उरलंसुरलं?" ती म्हणाली. "वाटसराचा वाटा उरलंसुरलं होय? तुमच्या कॉलेजात अन्न टाकायला शिकवतात काय रे?"

"टाकायला नाही. कमी शिजवायला."

"आणि कोण आलं तर?"

"आषाढापासून कोण आलंय?"

"येईल तेव्हा येईल. आला आणि टोप रिकामा दिसला तर? माझ्या सासूने मला काय सांगितलान ते तुला म्हाईत नाय."

"मग तूच खा ते!" मी ओरडलो. आईवर मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडलो. "तू खा, मी खातो, गडी खातील! तीच का? सर्जन म्हणाला ती मरेल, आणि तू तिला रोज पाव शेर..." 

 आईने खवणी बाजूला सारली आणि शांतपणे म्हणाली, "वैशाखात तू ह्याच ओटीवर बसला होतास. मी विचारलं, खाली काय लिवलान. तू म्हटलंस, काय विशेष नाय. विशेष नव्हतं तर आता कुठून आलं?"

मी कागदाची घडी घालून तो खिशात ठेवला. 

उत्तर वहिनीने दिले, पण तोंडाने नव्हे. दुसऱ्या दिवशी, गणपतीच्या दुपारी, सगळ्यांची जेवणे झाल्यावर तिने स्वतःच्या पानात मूठभर भात घेतला, आमटी घातली आणि खाल्ले. मग उरलेला टोप उचलला, आईच्या समोरून मागल्या दारी गेली आणि म्हशीच्या घमेल्यात उपडा केला. टोपाच्या कडेवर उलथन्याने दोनदा टकटक केली, शितेसुद्धा राहू नयेत म्हणून. म्हैस उठून उभी राहिली.

आई म्हणाली, "माणसाच्या नावाचा हाय तो."

वहिनी म्हणाली, "मी माणूस नाय काय, आई? माझ्या नावाचा हाय म्हणा, आणि मी तिला दिला."

पुढचे दोन आठवडे आई तिच्याशी बोलली नाही. चिपटे मात्र रोज घातले, जिद्दीने. आणि वहिनीने ते रोज म्हशीला घातले. रात्रीचे दूधतूप तिने धाकट्या मुलीला पाजले. मी डॉक्टरांना सगळे सांगितले. त्यांनी वहिनीची नाडी पाहिली, दुपारची गोळी अर्धी केली, म्हणजे हात थरथरणार नाहीत, आणि या वेळी तिच्याशी बोलले. "पोट भरल्यासारखे वाटले की थांबता?" असे त्यांनी विचारले. "आता थांबतंय," ती म्हणाली.

मी कोल्हापूरला परतलो. मला खात्री नव्हती, पण दर पंधरवड्याला मास्तरांच्या अक्षरात एक ओळ येऊ लागली: एकशे शहात्तर. एकशे त्र्याहत्तर. एकशे सत्तर. आता तीच गोळी, तीच बाई, तोच काटा. डॉक्टर म्हणाले होते तेच झाले होते. भुकेने तिला पानापाशी ओढले नाही आणि माणसांनी तिच्या पानात लोटले नाही, तेव्हा अंग उतरू लागले. पहिली गोष्ट गोळी करू शकत होती. दुसरी कोणत्याही बाटलीत मिळत नाही.

दिवाळीला मी घरी आलो तेव्हा एकशे सहासष्ट. वीस नव्हे, सोळा. माझ्या हलगर्जीपणाचे चार रत्तल कमी पडले, असे मी मोजले. डॉक्टरांनी सर्जनला पत्र लिहिले की घाटी आता ती न बसता चढते, आणखी थांबणे बरे नव्हे. भाऊ येऊन तिला घेऊन गेला. धाकटीला तिने सोबत नेले. बंदरावर, बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात बसताना वजने मांडणारा तोच माणूस दिसला. "गूळ चालला मुंबईला?" त्याने ओरडून विचारले. "काकवी झाली रे बाबा आता," तिने ओरडून उत्तर दिले, आणि पडाव बोटीकडे निघाला.

घरी परत आलो. आता घरात आई, दोन मुले, गडी आणि मी.

पहिल्या दुपारी आईने तांदूळ मोजले आणि चिपटे घातले. कोणी आले नाही. सगळे जेवले आणि टोपात तो भात राहिला. म्हशीला घालायला आईचे मन होईना. वहिनी नव्हती. आई बसली आणि खाल्ला. संध्याकाळी तिने ओवा चघळला. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली. अर्ध्यावर थांबून म्हणाली, "जात नाय रे." पण संपवला. रात्री पोटाला हिंग लावून निजली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी ओटीवर पुस्तक घेऊन बसलो होतो आणि ती तांदूळ मोजत होती. शेर, शेर, अर्ध्या शेराचे मापटे. मग हातातले चिपटे तिने तांदळाच्या कणगीत परत टाकले.

मी वर पाहिले.

"आता येतंय कोण," ती म्हणाली. माझ्याकडे न पाहता.

बोटी सुरू झालेल्या होत्या. खरे तर आता लोक येणार होते. भर पावसात, बंदर बंद, वाट चिखलात बुडालेली, तेव्हा ज्या मापाला हात लावणे पाप होते ते माप आता दोन दिवसांच्या पोटदुखीने हलले. मी पुस्तकाचे पान उलटले. मला वाटते, बोललो असतो तर पुन्हा ओरडलो असतो, आणि ते ओरडणे थांबले नसते.

चौथ्या दिवशी खरोखरच एक वाटसरू आला. पावसचा माणूस, खांद्यावर वळकटी, बोट संध्याकाळची. टोपात भात नव्हता. आईने "बसा हां" म्हटले, चुलीत चार काटक्या सारल्या आणि नवा भात ठेवला. तो पडवीत विड्याचे पान लावत बसला, यंदाच्या मोहोराबद्दल माझ्याशी बोलला. अर्ध्या तासात भात झाला. तो पोटभर जेवला, आईला नमस्कार केला आणि गेला. कोणाचे काही बिघडले नाही. अर्धा तास. वहिनीने चौदा वर्षे दुपार दुपार जे खाल्ले, ज्याच्यामुळे सर्जनने तिला परत पाठवले, ते एवढ्याशा अर्ध्या तासासाठी होते.

मी कोल्हापूरला निघायच्या आदल्या दिवशी भावाचे पत्र आले. ऑपरेशन झाले, टाके काढले, ताप नाही, गोळी बंद केली. वहिनी उठून बसते, भूक लागू लागली आहे. पत्राच्या शेवटी त्याने लिहिले होते: ती विचारते, तिथे वाटसराचा भात कोण संपवतो, आईंना या वयात जड पडेल, त्यांना म्हणावे म्हशीला घाला.

आई शेजारी बसली होती. मी तिला ती ओळ वाचून दाखवली. या वेळी एकही शब्द गाळला नाही. तिने ऐकले, हातातली सुपली खाली ठेवली आणि उठून मागल्या दारी गेली. तिथे ती काय करत होती ते मी पाहायला गेलो नाही.

मी उत्तर लिहायला घेतले. पुष्कळ लिहायचे होते. लिहिले एवढेच: कोणी संपवत नाही. माप कमी केले आहे. तू परत आलीस की आधी तुझे पान काढायचे, असे मी आईला सांगितले आहे.

ते अजून सांगितले नव्हते. पत्र पाकिटात घातले, आणि मागल्या दारी गेलो.